अळणी पाणी

साठच्या दशकातला एक उन्हाळा. मी सांगलीच्या कॉलेजात शिकवत होते आणि समुद्र थोडा तापला तर त्यातल्या जिवांचे गर्भ नीट वाढतात का, हे शोधत होते. सांगलीला समुद्र नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं होतं. सुट्टीत प्रयोगशाळेला कुलूप लागलं, तेव्हा रत्नागिरीच्या एका काटेरी समुद्री जिवाची फलित अंडी खाऱ्या पाण्याच्या दोन बरण्यांत घालून मी फलटणजवळच्या आमच्या घरी आले. एसटीत कंडक्टरनं विचारलं, लोणचं का? मी हो म्हणून टाकलं.

एक बरणी तापत्या खिडकीत ठेवली, दुसरी माठाशेजारी ओल्या पोत्यात.

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन पोटातच गेली होती, आणि ती उष्णतेनं गेली याबद्दल आईला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या खेपेला वहिनीनं चोरून आंबा खाल्ला होता, तो तर आई विसरूच देत नव्हती. आता आंबा बंद, गूळ बंद, मीठ उष्ण म्हणून जेवणही अळणी. वहिनी निमूट गिळायची. मी तिला कॉलेजातून आणलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून ते गरगर फिरणारे जीव दाखवले. त्या दिवसापासून पोतं ओलं ठेवायचं काम तिनं घेतलं. गारव्यातली जगली तर माझंही जगंल, असं ती मला म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

एका सकाळी बघते तर खिडकीतली मजेत पोहत होती आणि गारव्यातली सगळी फुटून मेली होती. माझं डोकंच चालेना. बरण्यांची अदलाबदल झाली, की मी आजवर वाचलं तेच उलटं? वहिनी मागं उभी होती. माझ्या तोंडाकडं बघून ती पोटावर पदर ओढून खाली बसली. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते. शेवटी मेलेल्या बरणीत बोट बुडवून चाखलं. पाणी नुसतं मचूळ. यात कुणी काय घातलं, म्हणून मी घर डोक्यावर घेतलं.

"म्या वतलं माठातलं गोडं पानी," आई शांतपणे म्हणाली. "इतक्या मिठानं उष्णता हुतीया. बारकी लेकरं ती."

मी वहिनीला समजावलं, गारव्यानं नाही, गोड्या पाण्यानं फुगून फुटली. त्यांना मीठच हवं होतं.

"म्हंजी ऊन बाधलं न्हाई?"

या बरणीत तरी नाही, म्हटलं.

"मग माझी दोन कशानं गेली, वन्सं?"

काटेरी जिवांचं मला पुष्कळ ठाऊक होतं, बाईच्या पोटातलं काहीच नाही. आंब्यानं नाही, असं म्हणावं असं फार वाटलं. पण तेही मला कुठं माहीत होतं? मला ठाऊक नाही, असं म्हणाले आणि मान खाली घातली. इतकं शिकून हेच सांगायचं, याची लाज वाटली.

वहिनी पदर सावरून उठली.

"या घरात ठाऊक न्हाई म्हननाऱ्या तुमी पयल्याच," ती म्हणाली.

त्या दुपारी तिनं स्वतःच्या हातानं पानात मीठ वाढून घेतलं. आईनं ते पाहिलं आणि भाकरी थापत राहिली.