कडा मारलेली कानस

सायकलच्या दुकानाला लागून एक लांबट खोली आहे. तिच्यात गिटार दुरुस्त करणाऱ्यांसाठी कानशी बनवणारी बाई राहते. सगळे तिला अक्का म्हणतात, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा, कारण तिला नुसती नावाने हाक मारायची कुणाची छाती होत नाही. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. पत्र्याचा एक मोठा पिंप खोलीच्या दाराबाहेर आहे, त्याला इतके पोचे आलेत की तो आता पिंप कमी आणि चुरगळलेला कागद जास्त दिसतो. ते सगळे पोचे अक्काच्या लाथांचे. त्याची गोष्ट पुढे येईल.

गिटार ऐकणाऱ्याला वाटतं, सगळी करामत तारांची आणि बोटांची. मानेवर ज्या धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्या बिचाऱ्या फ्रेटकडे कोण बघतो? तारा दाबून दाबून त्या झिजतात आणि गिटार खरखरायला लागते. कारागीर त्या घासून एका पातळीत आणतो, पण मग त्यांचा माथा सपाट होतो आणि तो पुन्हा गोल करावा लागतो. त्यासाठी बारीक दातांची तिकोनी कानस हवी. तिच्या तिन्ही बाजूंनी चावलं पाहिजे आणि तिन्ही कडांनी अजिबात चावता कामा नये. कड चावली की पट्टीशेजारच्या लाकडावर ओरखडा उठतो आणि गिऱ्हाईक कारागिराचा जीव खातं. म्हणून कडांचे दात ग्राइंडरवर उडवायचे. अक्का याला कडा मारणं म्हणते, कारण तिचा बाप तसं म्हणायचा.

बापानेच तिला हे शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, तर ठोकून ठोकून बसवलं. भंगारातून जुनी कानस निवडायची ती उजेडाकडे तिरपी धरून. दातांची टोकं चमकली तर ती मेलेली, फेकून द्यायची. मग दोन बोटांत लोंबती धरून टिचकी मारायची. खणखणली तर घ्यायची, बद्द आवाज आला तर आत तडा आहे. अक्काने लहानपणी एकदा तडा गेलेली कानस घरी आणली. बापाने तीच तिच्या पाठीवर मोडली.

ग्राइंडरवर कानस सारखी पाण्यात बुडवावी लागते. जरा जास्त तापली, निळी पडली, की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती लोणीसुद्धा घासणार नाही. अक्काच्या हातून एक निळी पडली तेव्हा बापाने ती तशीच गरम तिच्या दंडावर टेकवली. आई मध्ये पडली. बापाने लाकडी हातोडा फिरवला आणि आईचे पुढचे दात तिच्या ओंजळीत आले. पुढे आई जगली तितकी वर्षं तोंडावर पदर धरूनच बोलली.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे परीक्षा. कानस तयार झाली की बाप म्हणायचा, "हात इकडे." पोरीने अंगठा टेबलाच्या कडेवर ठेवायचा आणि बापाने कानशीची कड तिच्या नखावरून जोर लावून ओढायची. कड नीट मारलेली असेल तर ती निसटून जाते, खूणही उठत नाही. राहिली असेल तर नख फाटतं. अक्काच्या डाव्या अंगठ्याचं नख आजही मधोमध दुभंगलेलं वाढतं.

अशा बापाची लेक गरीब गाय कशी निघणार? एकदा भंगारवाल्याने मालाच्या ढिगाऱ्यामागे तिचं मनगट धरलं. अक्काच्या हातात मूठ न बसवलेली कानस होती. मुठीत जातं ते मागचं टोक तिने त्याच्या तळहातातून आरपार घातलं, आणि वर विचारलं, "आता सोडतोस, की दुसराही हात देतोस?" अख्ख्या बाजारात बोभाटा झाला. लोक म्हणाले, बापावर गेली. खोटं कशाला बोला, अक्काला तेव्हा ते आवडलं होतं.

मुलगी झाली तोवर नवरा वारला होता. सुईणीने बाळ हातात दिलं. तांदळाच्या कणीएवढी ती नखं बघून अक्का हमसून हमसून रडली. त्या दिवशी तिने मनाशी शपथ घेतली की या हातांना या खोलीत कधी रक्त येणार नाही. तिने ती पाळलीही. मुलीने दूध सांडलं, खोटं बोलली, नापास झाली, पण अक्काने बोट लावलं नाही. डोक्यात सणक गेली की ती तरातरा बाहेर जायची आणि पिंपाला लाथ घालायची. मुलगी आतून ओरडायची, "आई, पिंपाचा काय दोष गं?" आणि दोघी हसायच्या.

मग बापाला पक्षाघात झाला. डावं अंग लुळं पडलं. भाऊ हात झटकून मोकळे झाले आणि म्हातारा आला अक्काच्या गळ्यात. तिने त्याची लोखंडी खाट खोलीच्या कोपऱ्यात टाकली. वेळेवर खाऊ घातलं, पुसलं, कपडे बदलले. बोलली मात्र कामापुरतंच. उजव्या हाताने तो अजून काठी फिरवायचा. काठी तिच्या नडगीवर बसली की अक्का बाहेर जायची आणि पिंप वाजायचा.

शिक्षण संपलेली मुलगी एक दिवस म्हणाली, "मला शिकव." अक्काने आधी टाळलं, पण शिकवलं. नखाची परीक्षा तिने कधीच बंद केली होती. एका मोडक्या गिटारची मान तिने टेबलावर ठोकून ठेवली होती, कड त्या लाकडावर ओढून बघायची. म्हातारा खाटेवरून खवचट हसायचा. "लाकूड काय सांगणार? नख सांगतं."

मुलीने पहिली कानस एकटीने पुरी केली त्या दुपारी अक्का नळावर पाणी भरायला गेली होती. नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. ग्राइंडरवर घासताना तो कानस टोकाशी चिमटीत धरतो, आणि चिमटीखालची तेवढी कड मारायची राहून जाते. मुलीचंही तेच झालं होतं. आनंदात तिचं लक्षच गेलं नाही.

"आजोबा, बघा तरी."

म्हाताऱ्याने कानस उजव्या हातात घेतली, वजन जोखलं. "हात इकडे."

मुलीने हसत हसत अंगठा खाटेच्या लोखंडी दांडीवर ठेवला. का ठेवणार नाही? तिच्या हाताला आजवर कुणी इजाच केली नव्हती.

किंकाळी ऐकून अक्का धावत आली. मुलीचं नख मुळापासून उलटं झालं होतं आणि रक्त दांडीवरून चादरीवर ओघळत होतं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "टोकाशी राहिलीय. सांगितलं नव्हतं का, नख सांगतं?"

या वेळी अक्का बाहेर गेली नाही. तिने कानस हिसकावली. बापाचा चांगला हात ओढून दांडीवर आपटला, मनगटावर गुडघा रोवला आणि टोकाकडची ती कड त्याच्या अंगठ्यावर टेकवून ओढली. पुन्हा ओढली. नख फुटलं. खालचं मांस फाटलं, तरी ती ओढत राहिली, दात ओठात रुतवून. आईच्या दातांसाठी, दंडासाठी, पाठीसाठी. कानशीचे दात रक्ताने भरून ती निसटायला लागली, तेव्हा ती त्याच्या कुडत्याला पुसून तिने पुन्हा टेकवली. मुलगी मागून ओरडत होती, "आई, पुरे! आई!" अक्काला ते ऐकूच आलं नाही.

म्हातारा ओरडला नाही. त्याच्या कपाळावर घाम डबडबला होता, पण डोळ्यांत कौतुक होतं. उभ्या जन्मात त्याने लेकीकडे असं पाहिलं नव्हतं.

"अस्सं," तो धापा टाकत म्हणाला. "आता बसला तुझा हात."

अक्काचा गुडघा आपोआप सुटला. खोलीत ग्राइंडर अजून फिरत होता, मुलीने तो बंदच केला नव्हता. अक्काने तो बंद केला आणि मुलीकडे वळली. पट्टी बांधायला हवी होती, आधी जखम धुवायला हवी होती.

"हात इकडे," ती म्हणाली. "बघू दे, किती लागलंय."

मुलगी मागे सरकली. भिंतीला टेकेपर्यंत सरकली. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले होते, आणि ती आजोबांकडे बघत नव्हती, आईकडे बघत होती.

अक्काने खाली पाहिलं. कानस तिच्या मुठीतच होती. तिने ती जमिनीवर ठेवली, पायाने खाटेखाली लांब ढकलली आणि रिकामे पंजे उघडून दाखवले.

मुलीने हात पुढे केले नाहीत.