धुऱ्यावरचा अडुळसा

बाबा गेले, दोन एकर माझ्या नावावर आलं आणि शेजारच्या चुलत भावाच्या पोटात दुखायला लागलं. लेकीनं साडीचोळी घ्यावी, वावर घेऊ नये, हा त्याचा कायदा. दर नांगरणीला तो आमच्या दोघांमधला धुरा, म्हणजे बांध, थोडा कोरायचा आणि माझ्याकडे सरकवायचा.

मी कारंज्याला दिलेली. रोज राखण कोण करणार? म्हणून बांधावर अडुळसा लावला. कांडी चिखलात खोचली की झालं. शेळी तोंड लावत नाही. उन्हाळ्यात शिवार करपतं, हा हिरवाच. खोकल्यालाही हाच. कच्चा पाला कितीही कुटा, रस सोडत नाही. तव्यावर वाफवून पिळावा लागतो, आणि मध घातला तरी कडूच. मला तो त्याच्या कडूपणासकट आवडतो.

यंदा ऐन पावसाच्या झडीत भावानं कोयत्यानं सगळी रांग छाटली. माझ्याकडे कांड्या राहिल्या तर मी परत खोचीन, म्हणून त्या उचलून आपल्या वावरात नेल्या आणि चिखलात तुडवल्या. तुडवल्या कुठं, तर त्याचं सोयाबीन जिथं कधी धड उगवत नाही तिथं. उगवणार कसं? ती जागा बाबांच्या जुन्या धुऱ्याची, नुसता मुरूम. छाटलेली खोडं पाहून मला रागानं रडू आलं होतं.

सोयाबीन कापून निघालं तसा त्याचा फोन आला.

"बाई, तुये झाडं माह्या वावरात आले. उपटून ने."

चोराच्या उलट्या बोंबा! एसटी धरून गेले. माझी खोडं फुटली होतीच, पण पलीकडे त्यानं तुडवलेल्या कांड्याही दीड वीत वाढून सरळ रांगेत उभ्या होत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मी काहून उपटू? लावले तूनं," मी म्हटलं. "आन् जागा बी बराबर धरली. बाबाचा धुरा इथंच होता."

"ट्रॅक्टर घालतो मी."

"घाल. जितकं तोडशीन तितकं फुटते हे."

गावातली चार माणसं बांधावर जमली होती, त्यातल्या म्हाताऱ्यांनी जुना धुरा ओळखला. कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही, पण त्याच्याही बाजूनं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हरभऱ्याचं बी घेऊन आले आणि दोन्ही रांगांमधल्या पट्टीत, त्याच्या देखत, पेरून टाकलं.