नमस्कार केला की पान उलटतं

आम्ही नदीकाठच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहतो. पावसाळ्यात आमची पुस्तकं माळ्यावर असतात आणि माणसं खाली. पप्पांचा धम्मग्रंथ तेवढा त्यांच्या उशाशी, म्हणून मागच्या पुरात नेमका तोच भिजला. वाळल्यावर पावासारखा फुगला आणि पानं एकमेकांना चिकटून बसली.

नवी प्रत मिळाली असती, पण खरी अडचण पप्पांच्या डोळ्यांची होती. शुगरने डोळ्यांचा पडदा खराब झालेला. "आहे तेवढी नजर सांभाळा," असं अंबरनाथच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा पप्पांनी एकच विचारलं, "वर्षावासात वाचता येईल ना?" पावसाळ्यातल्या त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि मी शाळेत होते तेव्हापासून वाचणार ते पप्पाच. ते गेलं तर त्यांचं काय उरणार, याची मला धास्ती होती.

म्हणून मी ई-रीडर घ्यायला निघाले. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला दुकानदार म्हणाला, "मॅडम, अक्षर जितना चाहिए उतना बडा करो. पानी में गिरा तो भी कुछ नहीं होगा." मांजर्लीच्या माणसाला आणखी काय हवं! मी तिथेच पाघळले.

घरी त्यावर पप्पांनी ग्रंथाचं पहिलं पान घडाघडा वाचलं आणि मला रडूच आलं. फक्त पान उलटताना बोट जिभेला लावायची सवय काही सुटेना. ओल्या बोटाला स्क्रीन कधी दाद द्यायची, कधी नाही. "पप्पा, कोरडं बोट!" मी ओरडायचे. ते हसायचे आणि पुन्हा बोट जिभेला.

आषाढ पौर्णिमेला ई-रीडर चौरंगावर, पांढऱ्या कापडावर ठेवला. फुलं, मेणबत्ती, सगळं रीतसर. वाचन सुरू झालं. आवाज तोच, खणखणीत. तेवढ्यात उशिरा आलेल्या एक मावशी पुढे आल्या, ग्रंथाला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि जाऊन बसल्या. पान उलटलं. पप्पा चाचपडत मागे गेले. वाक्य सापडतंय तोवर दुसऱ्या मावशी आल्या. मी उठायला लागले, तर पप्पांनी हातानेच मला बसवलं. त्या घाईत त्यांचं बोट कुठे लागलं कोण जाणे, अक्षरंच बारीक झाली. पप्पा स्क्रीनकडे नुसते बघत राहिले. कोणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "उद्या सगळ्यांना सांगते. हात लावू नका, लांबून नमस्कार करा."

पप्पा एकदम चिडले. "लांबून? आपल्या माणसांना मी सांगू, ग्रंथाला शिवू नका म्हणून?"



आता विहारात शेजारच्या बिल्डिंगमधले काका कागदी ग्रंथातून वाचतात. ई-रीडर आमच्या कपाटात आहे, पुरातही सुखरूप राहील. पप्पा माझ्या शेजारी, ऐकणाऱ्यांत बसतात. काकांचं पान संपत आलं की त्यांच्याआधी पप्पांचं बोट जिभेला लागतं. मग ते तसंच ओलं मांडीवर येतं.