सर्व्हरकाकी

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की माझी बायको पाठ फिरवायची. नुसती मान वळवायची नाही, तर उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मॅनेजर असो, शिपाई असो, नाहीतर मी माझ्या फोनचे आकडे दाबत असो. मी म्हणायचो, "अगो, माज्या फोनात काय आसा? सुरमयचे फोटो." ती भिंतीला सांगितल्यासारखी म्हणायची, "आसूदेत. तुमचा ता तुमचा." फोनवर कोणी घाईत आपला पासवर्ड सांगायला लागला की ती फोन कानापासून लांब धरून ओरडायची, "सांगू नको! सांगलंस? मगे आता आधी तो बदल, नंतर बोल माज्याशी."

कुडाळच्या एका पतसंस्थेत ती कामाला होती. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथले सगळे तिला सर्व्हरकाकी म्हणायचे. ती सावंतवाडीची, कॉलेज केलेली. मी चौथी शिकलो आणि तोंडवलीच्या किनाऱ्यावर होडी घातली. आमचं कसं जमलं ते लोक अजून विचारतात, मलाही धड सांगता येत नाही. मूल आम्हाला झालं नाही. ती टायपिंगला म्हणून लागली. ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे लांब उभे राहिले आणि ही जवळ गेली, एवढंच. पुढे कुडाळला एका थंड खोलीत सर्व्हर बसवला. कपाटासारखं मशीन, त्यात सगळा हिशेब. मालवण, आचरा, सगळ्या शाखांतून लोक लाईनीवरून त्यात शिरायचे. कोणाला शिरता आलं नाही की फोन काकीला. तीही घरून लॅपटॉपवरून त्यात शिरायची. आमच्या पडवीत बसून ती कुडाळात असायची. मला हे समजायला फार दिवस लागले.

तिची फोनवर बोलायची एक रीत होती. समोरचा "काकी, मशीन बिघडला" असं म्हणाला की ती म्हणायची, "तुका काय वाटता ता नको. तुका काय दिसता ता वाच." मग तो मनुष्य स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर वाचायचा आणि ही डोळे मिटून ऐकायची. पुढचा प्रश्न ठरलेला, "काल चलत होता मां? मगे मधी काय बदललां? सांग, मी रागावूचंय नाय." आणि खरंच रागवायची नाही. घरी मात्र रागवायची. भात खाली लागला तरी मलाच.

मालवण शाखेत मार्था म्हणून एक बाई आहे. कॅथलिक, स्वभावाने तापट, कामाला वाघ. एका बाजाराच्या दिवशी काकी घरी होती तेव्हा मार्थाचा फोन आला, दोन्हीकडे स्पीकरवर. लोक रांगेत उभे, आणि सर्व्हर तिला आत घेत नाही. पासवर्ड बरोबर, लाईन चालू, शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर सगळं ठीक. काकीने विचारलं, "खाली कोपऱ्यात घड्याळ काय दाखवता?" मार्था चिडली. "काकी, हडे लोक माका खातत आणि तू टायम काय विचारतंस?"

"वाच गो बाये."

मार्थाने तारीख वाचली. आदल्या दिवशी विजा झाल्या होत्या, लाईट गेली होती, आणि मशीनमधली घड्याळाची बॅटरी आधीच संपलेली. तिच्या मशीनचं घड्याळ कितीतरी वर्षं मागे जाऊन बसलं होतं. काकी म्हणाली, "त्या तारखेक तुजा लगीन तरी झाल्ला काय? सर्व्हर म्हणता, ह्या बायेचो आणि माजो दिवस जुळणा नाय, मी हेका वळखणंय नाय." मार्थाने घड्याळ बरोबर केलं आणि आत शिरली. मागे रांगेतली माणसं हसत होती ते मला पडवीत ऐकू आलं.

हिच्या हातूनही चूक झाली होती. ती चूक ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, म्हणून मीही लिहितो. एका रविवारी दुपारी घरी बसून ती सर्व्हरच्या दारावरचे नियम बदलत होती. बाहेरून कोणी वाटेल त्याने शिरू नये म्हणून दार बळकट करत होती. एक नियम टाकला आणि मशीनने तिलाच बाहेर काढलं. परत शिरायला गेली तर दार बंद. पांढरी पडली. मी हसलो. म्हटलं, "काय गो, चावी आत ठेवन भायरसून दार लावलंस?"

"गाडी काढा," ती म्हणाली. "आणि हसाचा आसात तर घरीच रवा."

मी स्कूटर काढली. तोंडवलीहून तिला थेट कुडाळला नेलं. थंड खोलीत गेली, मशीनसमोर बसली, तो नियम पुसला आणि मग रस्त्यावर येऊन चहा मागितला. तिथून पुढे ती एका जोडणीने आत बसून नियम बदलायची, आणि दुसऱ्या जोडणीने आत शिरता येतं का बघायची. ते जमल्याशिवाय पहिली सोडायची नाही. मला कळावं म्हणून म्हणाली, "तुमी पाण्यात नांगर बदलताना काय करतात? दुसरो धरलो काय ता बघतात, मगे पयलो उचलतात." तिच्या धंद्यातलं हे एक मला नीट कळलं.

मग तिला दुखणं लागलं. पोटातलं. गोव्याला नेत होतो, आणत होतो. हॉस्पिटलच्या बाकड्यावरही फोन वाजायचा. कोणाचं लॉगिन अडकलं, कोणाची लाईन तुटली. माझं डोकं फिरायचं. ही किती दिवसांची सोबती ते डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि ते दिवस असे दुसऱ्यांना वाटले जात होते. मी एकदा फोन हिसकावून घेतला. "बंद कर ह्या. माका तू व्होयी."

ती हळू बोलली. "सगळ्यो चावयो माज्याकडे आसत. त्यो घेवन जावू काय? मार्थाक शिकवतंय. मगे मी तुमचीच."

दर रविवारी मार्था मालवणहून एसटीने आमच्या घरी यायची. खाटेजवळ खुर्चीवर लॅपटॉप घेऊन बसायची. काकी स्वतःचे हात गोधडीत घालून ठेवायची, कीबोर्डला बोट लावायची नाही. मार्था चुकली की मला कळायचं, कारण काकीची बोटं गोधडीखाली हलायची. पण तोंडाने ती एवढंच म्हणायची, "वाच. काय लिवलां ता वाच."

संस्थेत तिचा एक नियम लोकांना बोचायचा. माणूस निवृत्त झाला की त्याच दिवशी, शाल-नारळाच्या आधी, ती त्याचं लॉगिन बंद करायची. परब म्हणून एक जुने कॅशियर होते. त्यांना फार लागलं. "माका चोर समाजलंस काय गो?" ती म्हणाली, "चोर नाय म्हणानच बंद करतंय, परबानू. उद्या तुमच्या नावान कोणीतरी आत शिरलो तर बोल तुमका लागतलो. तुमी घरी, आणि तुमचा नाव हडे फिरताहा, ह्या बरा नाय."

एका रविवारी तिने मार्थाला सांगितलं, "आता माजा नाव बंद कर."

मार्थाने लॅपटॉप मिटला. "काकी, मी नाय. तू बरी होवन येतलंस."

मीही मध्ये पडलो. म्हटलं, राहूदे की, खायला मागतंय काय ते नाव? खरं कारण वेगळं होतं. ते नाव चालू होतं तोवर ही परत एसटीत बसून कुडाळला कामावर जाईल, असं मला वाटत होतं.

"मार्था," ती म्हणाली, "मी आसतानाच कर. बंद झाला काय ता माका बघूक व्होया."

मार्था रडत रडत करत होती. झाल्यावर काकीने लॅपटॉप मांडीवर मागितला. किती तरी दिवसांनी गोधडीतून हात काढले. आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीनने नाही म्हटलं. मग बाहेरच्या दुसऱ्या वाटेने शिरून बघितलं. तिथेही नाही. तिने स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचलं, आणि मार्थाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बरा केलंस. घट्ट बंद झाला."

मार्था लॅपटॉप घेऊन गेली. ज्या फोनसाठी मी भांडत होतो तो उशाशी गप्प पडलेला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगा आता. तुमचा काय ता सांगा."

मी दर्यावरचंच सांगायला लागलो. कुठे जाळं अडकलं, कुठे वारा फिरला, कोण कसा वाचला. इतकी वर्षं तिला यातलं काही सांगितलंच नव्हतं. मी थांबलो की ती विचारायची, "मगे?" रोज दुपारी असंच चालायचं. एकदा मी बांगड्याच्या मोठ्या थव्याचं सांगत होतो, होडी भरून बुडायला आली तेव्हाचं. मधे थांबलो. तिने "मगे" म्हटलं नाही.

मी शेवटपर्यंत सांगितलं. होडी किनाऱ्याला लागली, तिथपर्यंत. मग उठून शेजाऱ्यांना हाक मारली.