एकाच खात्यातल्या अकरा मुली

फाइल बंद झाली, नोकरीही सुटली, पण ते प्रकरण काही माझ्या डोक्यातून उतरत नाही. लोक मला निवृत्त पोलीस अधिकारी म्हणतात तेव्हा कसंनुसं होतं. माझं वय छत्तीस. मी निवृत्त नाही, राजीनामा देऊन बाहेर पडलेली उपनिरीक्षक आहे. आता शाळा-कॉलेजांत एक पानी पत्रक घेऊन फिरते. त्या पत्रकात काय लिहिलंय आणि का, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे. नावं कुणाचीच देणार नाही. ज्या मुलीची ही गोष्ट आहे तिच्याबद्दल आधीच खूप जणांना खूप काही माहीत होतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं ठाणं. सकाळची हजेरी झाली होती. एक शेतकरी गृहस्थ आले. तापीकाठची बागायत, पांढरा सदरा, पन्नाशीचे. हातात तक्रारी अर्ज, तोही टाइप केलेला. त्यांची मुलगी एकोणीस वर्षांची, तालुक्याच्या नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आपल्या खेड्याहून रोज एसटीने ये-जा. तिला अनोळखी नंबरवरून मेसेज येत होते. अर्जात तीन मेसेज शब्दाला शब्द उतरवलेले. 'आज पिवळी ओढणी छान दिसते.' 'दुपारच्या सुट्टीत कुठं जातेस ते घरी सांगू का?' आणि तिसरा, 'एक फोटो पाठव, मग सांगणार नाही.' कसला फोटो, ते पुढे लिहिलं होतं. इथे लिहीत नाही.

"मॅडम, मन्ही पोरनं नाव कोठेच येवाले नको," ते म्हणाले. मी बाहेरच्या जिल्ह्यातली. सुरुवातीला ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत होते. घाबरले की अहिराणीवर येत.

"मेसेज तुम्हाला कसे कळले?"

"पोरीनं दाखवले."

मी ते लिहून घेतलं. इथेच चुकले.

संशय कुणावर, असं विचारलं तर उत्तर तयार होतं. धडगावकडचा, डोंगरातला एक मुलगा तिच्या वर्गात होता आणि तालुक्यातच वसतिगृहात राहत होता. "झेरॉक्सच्या दुकानात दोघं बरोबर असतात. मंगळवारी वीस मिनिटं होते, गुरुवारी पस्तीस."

वीस आणि पस्तीस. हा माणूस दिवसभर शेतात असतो. त्याला मिनिटं कुठून कळली, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. बापाच्या तोंडून असे आकडे ऐकायची आपल्याला इतकी सवय आहे की ते आपल्याला काळजीसारखेच वाटतात.

जाताना ते उंबऱ्यात थांबून म्हणाले, "आठ दिवसात छडा लागला तर ठीक. नाही तर कॉलेज बंद. स्थळ आलेलं शे." शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर होती. तिचं जे काही व्हायचं होतं ते आता माझ्या आठ दिवसांवर होतं.

नियमानुसार काय करायचं, ते मला माहीत होतं. ज्या नंबरवरून मेसेज आले त्याचा कॉल तपशील मागवायचा, हँडसेट शोधायचा. पत्र मी पाठवलं. पण उत्तर यायला दिवस लागतात, आणि वसतिगृह होतं चालत दहा मिनिटांवर. मुलाला उचलून आणलं. नोटीस नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही, 'चौकशीला' बसवला एवढंच. सकाळी साडेनऊपासून तो बाकावर होता.

"लॉक उघड."

त्याने उघडलं. नाही म्हणायचा हक्क आपल्याला आहे हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मी त्याचे फोटो पाहिले, मेसेज पाहिले. त्याच्या आईचे बोललेले मेसेज होते, पावरी बोलीत. मला कळेनात म्हणून त्या भागातल्या एका शिपायाला बोलावून ऐकवले. शिपाई ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला.

"काय म्हणते?"

"शेळी व्याली म्हणते, मॅडम. दोन पिल्लं. एक अशक्त आहे. आणि तू जेवलास का, असं विचारते."

मी म्हटलं, पुढचा लाव.

दुपारी मुलगा पहिल्यांदा आपणहून बोलला. "मॅडम, प्रॅक्टिकल होतं. अकराला." तेव्हा दोन वाजले होते.

"झेरॉक्सच्या दुकानात काय करत होता तिच्याबरोबर?"

"झेरॉक्स."

आमचे हवालदार पंचवीस वर्षं नोकरी झालेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, खोटं बोलणारा याच्याहून बरं काहीतरी सांगतो."

चारच्या सुमारास ती मुलगी स्वतःच ठाण्यात आली. खांद्यावर कॉलेजची बॅग, पिवळी ओढणी. बाकावरच्या मुलाकडे पाहिलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आली.

"त्याला सोडा. त्याने काही केलं नाही. आणि तुम्हाला मेसेजचं कोणी सांगितलं?"

"तूच वडिलांना दाखवलेस ना?"

"मी? मी कोणालाच दाखवले नाहीत. तो फोटोचा मेसेज तर वाचला आणि तिथल्या तिथे उडवला. मैत्रिणीलाही बोलले नाही."

मी तिचा फोन मागितला. या वेळी विचारून. खरंच, शेवटचा मेसेज त्यात नव्हता. माझ्या टेबलावरच्या अर्जात मात्र तो शब्दाला शब्द होता. तिने पुसलेलं बापाकडे टाइप होऊन आलं होतं.

मुलाला सोडलं. हवालदार त्याला फाटकापर्यंत पोचवून आले. आणि मी बापाला बोलावून घेतलं.

"तुमचा फोन टेबलावर ठेवा."

त्यांनी फोन ठेवला आणि ते चढ्या आवाजात बोलले, "बाप शे मी तिन्हा. मी नही देखसू तं कोन देखी?"

मुलीच्या फोनमध्ये एक ॲप होतं, कॅल्क्युलेटरच्या चिन्हाआड दडवलेलं. ती कुठे आहे, कुणाशी बोलते, काय लिहिते, कसले फोटो काढते, सगळं बापाच्या फोनवर येत होतं. हवं तेव्हा तिच्या फोनचा कॅमेराही उघडायचा. ओढणीचा रंग असा कळत होता. मुलगी शेजारीच उभी होती. ती रडली नाही. तिने फक्त आपला फोन टेबलावर पालथा ठेवला.

मी बापाच्या फोनमधलं ते ॲप उघडलं. आणि तिथे तिचं एकटीचं नाव नव्हतं. यादी होती. अकरा नावं, अकरा मुली, प्रत्येकीपुढे एक हिरवा ठिपका.

"या बाकीच्या कोण?"

"गावन्या पोरी."

"तुमच्या फोनवर कशा?"

"त्या दिखतस, मॅडम. पन आम्ही देखत नही."

हवालदारांनी चष्मा वर सारला. "बापू, मंग ही चावडीच झाली ना. कोनीबी यावं नि फळा वाचून जावं."

आता हे आपल्याकडे कसं घडतं ते बघा. नवा फोन घेतला की आपण तो दुकानदाराच्या हातात देतो. ईमेल तोच काढतो, पासवर्ड तोच ठरवतो आणि बॉक्सवर पेनाने लिहून देतो. आपलं खातं आपल्याला उघडता येत नाही, त्याला येतं. त्या गावातल्या अकरा बापांनीही तेच केलं. मोबाइलच्या दुकानात जाऊन म्हणाले, पोरीच्या फोनमध्ये 'ते' टाकून द्या. दुकानदाराने एकच खातं काढलं, एकच पासवर्ड, आणि अकरा फोन त्यात बसवले. मी गेले तेव्हा तो आश्चर्याने म्हणाला, "एका खात्यात पंधरा बसतात मॅडम, वेगवेगळी कशाला काढायची? आणि सगळे एकाच गावातले, ओळखीचेच लोक!"

ओळखीचेच लोक. अकरा बाप, अकरा मुली. प्रत्येक बापाला वाटत होतं की आपण आपल्या मुलीला कुलूप लावलं. कुलपं अकरा होती, पण किल्ली सगळ्यांच्या खिशात एकच.

सहाव्या दिवशी तपशील आला. मेसेज त्यांच्याच गावाच्या टॉवरवरून गेले होते, नेहमी दुपारी. डोंगरातला मुलगा त्या वेळी तालुक्याच्या गावात, वर्गात बसलेला. सिम दुसऱ्याच कुणाच्या अंगठ्यावर घेतलेलं, पण ते ज्या हँडसेटमध्ये चालत होतं त्यातलं दुसरं सिम एका पगारदार गृहस्थाच्या नावावर निघालं. शेचाळीस वर्षांचा, गावातल्या प्रत्येक समितीवर असलेला, मुलीच्या घरापासून चौथं घर. ती त्याला काका म्हणायची. अकरा नावांत त्याच्या स्वतःच्या मुलीचंही नाव होतं. आणि पिवळ्या ओढणीवालीच्या बापाला त्या दुकानात हाताला धरून घेऊन गेलेला माणूसही तोच.

चौकशीत मी आवाज चढवला नाही. त्याचा फोन पंचांसमक्ष जप्त केला, मेसेज एकेक करून त्याच्यापुढे ठेवले. आणखी दोन मुलींना पाठवलेले निघाले. तो शेवटपर्यंत एकच म्हणत राहिला. "मी वेगळं काय केलं? बघण्यासाठीच तर सगळ्यांनी टाकलंय ते."

या वाक्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. गुन्हा त्याचा होता, तो त्याला लागला, दोषारोपपत्र गेलं. पण खिडकी त्याने एकट्याने पाडली नव्हती. ती बापांनी पाडून दिली होती.

बाकीच्या दहा घरी मी स्वतः गेले. चहा सगळीकडे मिळाला, जबाब कुठेच नाही. "पोरीचं नाव येईल." ज्या दोघींना मेसेज गेले होते, त्यांच्या आया मला दारातच हात जोडत होत्या. जबाब दिला तो फक्त त्या पिवळ्या ओढणीवालीने.

जबाबाच्या वेळी तिने वडिलांना बाहेर बसायला सांगितलं. मग हळूच म्हणाली, "झेरॉक्सचं लिहिलंच पाहिजे का?" तिने सुरतच्या एका दवाखान्यात नोकरीचा अर्ज भरला होता. कागदपत्रांच्या झेरॉक्स त्यासाठी. त्या मुलाची बहीण तिकडे काम करते, म्हणून तो मदत करत होता. दुपारची सुट्टी म्हणजे एवढंच. "दुकानात जाताना फोन वर्गातच ठेवायला हवा होता," ती म्हणाली, जणू चूक तिची. जबाबाची नक्कल उद्या तिच्या बापाच्या हातात पडणार हे मला माहीत होतं. मी लिहिलं, 'शैक्षणिक कागदपत्रांच्या झेरॉक्ससाठी.' खोटं नव्हतं. त्या सगळ्या तपासात मी धडपणे केलेलं काम कदाचित तेवढं एकच.

आठ दिवसांत छडा लागला होता. बापाने शब्द पाळला, ती परीक्षेला बसली. मुलाचं प्रॅक्टिकल मात्र सहा महिन्यांनी पुढे गेलं. मी कॉलेजात जाऊन विनंती केली, उपयोग झाला नाही. वसतिगृहावर जाऊन माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "चालतं मॅडम. आमच्याकडच्यांना बसवतातच." रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

निकालानंतर बाप पुन्हा ठाण्यात आले. बरोबर मुलगी आणि एक कोरा फोन, बॉक्ससकट.

"मॅडम, त्या दुकानवालावर आते भरवसा नही. तुम्हीच टाकी द्या ते. पासवर्ड तुम्हनाकडेच राहू द्या. तुम्हनापेक्षा भरवसानं कोन शे?"

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती. मी हो म्हणेन की नाही, हे तिला खरंच माहीत नव्हतं. तिने मला त्या मुलाचा फोन चाळताना पाहिलं नव्हतं, पण ऐकलं असणारच.

"मी टाकणार नाही," मी म्हणाले. "ती सज्ञान आहे. तिला न सांगता टाकाल तर मी तुमच्याविरुद्ध अर्ज घेईन."

ते दुखावले गेले. खरोखर दुखावले गेले. बॉक्स उचलून निघून गेले. मुलगी दोन पावलं मागे राहिली, मग तीही गेली.

त्यानंतर वर्षभरात मी राजीनामा दिला. कारणं बरीच होती, त्यातलं हे एक. माझ्या पत्रकात मोठं काही नाही. मुलीचा फोन बघायचाच असेल तर तिच्यासमोर, तिला विचारून बघा. तिच्याशी बोलायचं धाडस नसेल तर ॲप ते करून देणार नाही. आणि तुम्हाला दिसतं ते आणखी कुणाकुणाला दिसतं, हे आधी शोधा. सभांमध्ये बाप ऐकतात, मान हलवतात आणि शेवटी हमखास एक जण उठून विचारतो, "मॅडम, पण मग चांगलं ॲप कुठलं?" आताशा मला रागही येत नाही. पत्रक हातात देते आणि पुढच्या गावची जीप पकडते.

मागच्या महिन्यात तळोद्याच्या स्टँडवर जीपची वाट पाहत होते, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज लगेच ओळखला.

"मॅडम, मी. नोकरी लागली. ड्यूटी चालू आहे. बरी आहे मी."

मला इतका आनंद झाला की तोंडून पटकन निघून गेलं, "कुठं आहेस तू?"

पलीकडे कुणाचं तरी स्ट्रेचर ढकलल्याचा आवाज.

"तुम्हीपण, मॅडम?" ती हसून म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही.