संचालकांच्या प्रतीतले मोठे आकडे

माझ्या धाकट्या भावाला वाद्यवृंदातले सगळे 'खोडरबर' म्हणायचे. वादकांसाठी स्वरलिपीच्या प्रती करणं हा त्याचा धंदा. तीस वर्षं हातानं लिहिलं. एक चूक सापडली की चाळीसच्या चाळीस प्रतींत दुरुस्त केल्याशिवाय गडी जेवायला उठायचा नाही; मी आपली ताट वाढून कोकलत बसायची. पुढे कॉम्प्युटर आला, तोही शिकला. सवय मात्र तीच.

वाद्यवृंदासमोर उभं राहून ताल देणाऱ्या म्हाताऱ्या संचालकांची नजर अधू होत चालली होती, आणि हे फक्त याला ठाऊक. नव्या रचनेत ताल घडीघडीला बदलत होता. ताल सांगणारे ते एकावर एक लिहिलेले दोन आकडे त्यांना दिसेनात.

"एवढा कार्यक्रम निभावून ने रे," ते म्हणाले. "कळलं तर उद्याच घरी बसवतील मला."

यानं आठवडा घातला. आकडे तिप्पट केले, ठळक केले, ओळींच्या मधून उचलून वर नेऊन बसवले. मला खोलीच्या टोकाला उभी करून विचारायचा, "ताई, दिसतंय?"

"अरे, रस्त्यावरून दिसेल," मी म्हटलं. स्वारी खूश.

शेवटी मशीननं विचारलं, बदल फक्त संचालकांच्या प्रतीत करायचा की सगळ्या प्रतींत? सवयीनं बोट 'सगळ्या'वर गेलं.

तालमीला चाळीस जणांनी पानं उघडली. "हे काय, आजोबांसाठी छापलंय का?" कुणीतरी हसलं आणि हसता हसता गप्प झालं. संचालक महिनाभर पानावर एवढे का वाकतात, ते सगळ्यांना एकदम उमगलं. व्यवस्थापकही तिथेच बसले होते. पुढच्या आठवड्यात संचालकांच्या जागी दुसरा माणूस आला.

भावानं अन्नपाणी सोडलं. मीच त्याला ओढत संचालकांकडे माफी मागायला नेलं. त्यांनी दार उघडलं. आम्ही हातभर अंतरावर उभे.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

भाऊ हुंदके देत होता, म्हणून मीच त्याचं नाव सांगितलं. त्यांनी चाचपडत त्याचा हात धरला.

"वेड्या, रडतोस काय? तुझे आकडे दिसत होते मला. अगदी स्वच्छ दिसत होते."

आम्ही घरी परतलो. कुलूप काढताना भाऊ एवढंच म्हणाला, "ते खोटं बोलले, ताई."