जास्त भरलेला आकडा

मगदूम मॅडमची आणि माझी पहिली भेट कॉलेजच्या गच्चीवर झाली. हॉस्टेलचे वाळलेले कपडे काढायला मी गेलो होतो आणि मॅडम तिथे अँटेनाची रेडिओलहर मोजत होत्या. "पावणं, आधी ती कपड्यांची तार सोडा की! तारेवर आपटून लहर भलतीकडंच जातीया." पुढच्याच वर्षी मी त्यांचा विद्यार्थी झालो.

मॅडमच्या विद्वत्तेविषयी या गौरवग्रंथात जाणकारांनी लिहिलेच असेल. मी साधा अँटेना बनवणारा माणूस; एकच प्रसंग सांगतो.

शिक्षण संपल्यावर मी उद्यमनगरात छोटा कारखाना काढला आणि पहिली मोठी ऑर्डर दारात आली. गावोगावच्या टाक्यांतली पाण्याची पातळी कळवणाऱ्या यंत्रांना अँटेना हव्या होत्या. अँटेना एका दिशेला किती जोर लावते, तो 'गेन' ठरल्याइतका भरला पाहिजे आणि मॅडमनी तसे लिहून दिले पाहिजे, ही अट. मॅडमनी मोजला, तर ठरल्याहून जास्त! मी पळत जाऊन पेढे आणले. मॅडमनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"कमी आला असता तर परत मोजा म्हणाला असतास का न्हाय?"

"व्हय, मॅडम."

"मग जास्त आलाय तरी परत मोजायचा."

अँटेना जराशी पुढे-मागे सरकवत त्या दुपारभर उन्हात उभ्या राहिल्या. प्रत्येक वेळी आकडा हलायचा. शेजारच्या शेडला नवा पत्रा बसला होता; त्यावरून परतलेली लहर मिसळून आकडा फुगत होता. जागा बदलल्यावर गेन कमी निघाला. मॅडमनी तोच लिहून दिला. ऑर्डर गेली. "पोटावर पाय दिलात माझ्या," मी तोंडावर म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवणाचा डबा घेऊन कारखान्यात हजर! "राग आसू दे. आधी अँटेना नीट करू." त्या येत राहिल्या आणि अँटेना सुधारली. ती ऑर्डर मात्र परत आली नाही, आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. खोटे कशाला बोलू? पण ती कच्ची अँटेना शाहूवाडीच्या डोंगरातल्या टाकीवर बसली असती, तर पाणी संपल्याचे गावाला कळलेच नसते.

मॅडम, पंचाहत्तरी तुमची, हट्ट आमचा: गुडघे सांभाळा, जिने चढू नका. खुर्ची टाकून खाली बसा, आकडा आम्ही आणून दाखवतो. पटला नाही तर परत पाठवा. आम्हाला असे परत पाठवायला तुम्ही ठणठणीत, पुष्कळ वर्षे हव्या आहात. तोवर माझ्या मालावरचे माझे नाव खरे राहील.